सरळ का रिव्हर्स?

सोलापुरात डायलिसिस टेक्निशियन म्हणून माझं हे सातवं वर्ष. सेंटरचं नाव लिहीत नाही. चूक माझी होती.

अशोक चौकाकडचे एक आजोबा आठवड्यातून 3 दिवस सकाळच्या शिफ्टला येतात. उभा जन्म पॉवरलूमवर गेला. घरात तेलुगू, माझ्याशी सोलापुरी मराठी. फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी हातात जोडून केलेली शीर) अजून तयार नाही, म्हणून मानेत उजवीकडे परमकॅथ, म्हणजे दोन नळ्यांचं कॅथेटर: एकीतून रक्त ओढायचं, दुसरीतून परत सोडायचं. अलार्म वाजला की डोळे न उघडताच विचारतात, "काय मॅडम, धागा तुटला काय?" धागा तुटला की माग थांबतो, रक्त नीट ओढलं गेलं नाही की पंप थांबतो. त्यांना हे सांगावं लागलं नाही.

जानेवारीत, गड्ड्याच्या दिवसांत, धागा फारच तुटायला लागला. (जत्रेत काय काय खाल्लं ते वजनकाट्यानं सांगितलंच, पण तो विषय वेगळा.) आधी पंप मिनिटाला 300 मिली असताना आर्टिरियल प्रेशर, म्हणजे रक्त ओढतानाचं प्रेशर, उणे 160 असायचं (उणे जितकं जास्त, तितकं रक्त ओढणं जड). आता 250 लाच उणे 240. नुसतं खोकले तरी मशीन बंद. मग मी तेच केलं जे घाईच्या शिफ्टमध्ये सगळेच करतात. रक्त ओढणारी लाल आणि परत सोडणारी निळी, या लाइन अदलाबदल करून जोडल्या. 300, उणे 170, अलार्म गप्प. शीटवर 300 लिहिलं आणि चहाला गेले. असं तीन आठवडे.

महिन्याचा रिपोर्ट आला. युरिया डायलिसिसआधी 142, नंतर 61. म्हणजे 57 टक्केच उतरला. निदान 65 तरी हवा. त्यांचाच मागचा आकडा 68 होता. पहिल्यांदा वाटलं, सॅम्पल चुकलं. शेवटचं रक्त पंप 100 वर आणून, 15 सेकंद थांबून काढायचं असतं, नवी पोरं पंप कमी न करताच काढतात. पण तसं काढलं तर रिपोर्ट उलट जास्तच चांगला दिसतो. म्हणजे खरी गोष्ट याहून वाईट असू शकत होती.

कॅथेटरचं परतीचं टोक जरा पुढे असतं. लाइन उलट्या जोडल्या की स्वच्छ होऊन गेलेलं रक्त पुन्हा ओढलं जातं. 300 नं 4 तास, म्हणजे कागदावर 72 लिटर रक्त फिल्टरमधून गेलं. त्यातलं किती तेच तेच, कोण जाणे. सरळ जोडून 250 नं 60 लिटर गेलं असतं, तेही कमीच. पण निदान आकडा खोटं बोलला नसता, आणि डॉक्टर सरांना तीन आठवडे आधी कळलं असतं.

सरांनी दोन्ही नळ्यांत गुठळी विरघळवणारं युरोकायनेज भरून ठेवलं. पुढच्या वेळी सरळ जोडून 300, उणे 175.

आता माझ्या वहीत पंपच्या शेजारी दोन रकाने जास्त आहेत: प्रेशर, आणि सरळ का रिव्हर्स. परवा मी लिहायला बसले तर आजोबांनी डोळे मिटूनच विचारलं, "आज सुलट लावलंय न्हवं?"