संदेश थांबवणारे विकर

पेशीत संदेश सुरू कसा होतो हे शिकवताना मी फळा भरून टाकत असे आणि तो थांबतो कसा, हे तास संपता संपता एका वाक्यात उरकत असे. चुटा ओगुची या जपानी नेत्रवैद्याने 1907 मध्ये वर्णिलेल्या जन्मजात रातांधळेपणाविषयी वाचले आणि ही सवय मोडली.

अंधुक उजेडात पाहण्याचे काम दृष्टिपटलातील दंडपेशींचे. त्यांच्यातील ऱ्होडॉप्सिन या ग्राहीला, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला, प्रकाशाचा एक कणही जागे करण्यास पुरतो. जागा झालेला ग्राही पुढच्या प्रथिनांना सतत डिवचत राहतो, म्हणून जीआरके-1 हे विकर (एन्झाइम) त्याच्या शेपटाकडील सेरीन आणि थ्रिओनिन या अमिनो आम्लांवर एकामागून एक फॉस्फेट चढवते आणि अशी काही फॉस्फेट चढली की अरेस्टिन नावाचे प्रथिन तेथे घट्ट बसून पुढची वाट अडवते. या आवरणाऱ्यालाही आवरणारा आहेच: अंधारात पेशीतील कॅल्शियम वाढलेले असताना रिकव्हरिन हे प्रथिन जीआरके-1 ला धरून ठेवते, आणि उजेडाने कॅल्शियम घटले की सोडून देते.

ओगुची विकारात जीआरके-1 किंवा अरेस्टिन यांपैकी एकाचे जनुक दोन्ही प्रतींत बिघडलेले असते. दिवसा दिसण्यास अडचण येत नाही, कारण ते काम शंकूपेशींचे, आणि त्यांच्यापाशी जीआरके-7 हे आणखी एक विकर असते. दंडपेशी मात्र साध्या उजेडानेही दिपून जातात आणि तासन्‌तास सावरत नाहीत. रुग्णाला काही तास मिट्ट काळोखात बसवले, तर या विकारात दृष्टिपटलावर दिसणारी सोनेरी झाक नाहीशी होते आणि त्याला अंधारात जवळजवळ इतरांसारखे दिसू लागते. मग प्रकाशाचा पहिला झोत टाकला की दंडपेशींचा विद्युत प्रतिसाद आलेखावर उमटतो; लगेच दुसरा टाकला, तर तो उमटतच नाही. रातांधळेपणा म्हटले की आपल्याकडे गाजर-पपई पुढे केली जाते. येथे तिचा उपयोग नाही, कारण ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य कमी पडलेलेच नसते.

याच कुळातील जीआरके-2 हृदयातील ॲड्रेनलिन टिपणाऱ्या बीटा ग्राहींना असेच आवरते. या ग्राहींवरील कामासाठी रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना 2012 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हृदय निकामी होत असताना जीआरके-2 वाढते आणि ॲड्रेनलिनची हाक ग्राहींना पुरेशी ऐकू जात नाही. डोळ्यात विकर नसल्याने बिघडते, हृदयात ते जास्त झाल्याने. आता हा भाग मी तासाच्या आरंभीच घेतो, आणि फळ्यावर पहिल्यांदा दुसऱ्या झोताची ती सपाट रेघ काढतो.