मोरी वाहून गेली त्या रस्त्याने

११ मे

पावणेपाचला निघाले. देवपूर मागे टाकून शहराबाहेर पडेपर्यंत जीव मुठीत. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे इथल्या ट्रकला ना रात्र ना पहाट. कंटेनर शेजारून गेला की आधी हवेचा धक्का बसतो, हँडल थरथरतं, आणि तो पुढे सरकला की त्याच्या मागची पोकळी सायकलला आत ओढते. चार किलोमीटर एवढंच. मग डावीकडचा फाटा.

या फाट्याच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या आणि मुरमाचे दोन ढीग आडवे टाकलेत. गेल्या पावसाळ्यात पुढची मोरी वाहून गेली, तेव्हापासून चारचाकी बंद, एसटी बंद. एखादी मोटारसायकल नाल्यात उतरून पलीकडे जाते, पण पहाटे तीही नसते. रस्ता मात्र धड आहे. नाल्यापर्यंत पाच किलोमीटर काळं, गुळगुळीत डांबर, आणि त्यावर मी एकटी.

ढिगांच्या मधून सायकल काढली, पुन्हा बसले, आणि दोनशे पावलांत काय बदलतं ते आज नीट लक्षात आलं. इतकी वर्षं सायकल चालवताना माझं अर्धं लक्ष पाठीत असतं. मागून काय येतंय, किती मोठं आहे, हॉर्न आपल्यासाठी आहे का. इथे ते अर्धं लक्ष पुढे आलं. टायरचा डांबरावरचा बारीक घूं आवाज ऐकू आला. पायडल थांबवलं की मागच्या चाकाची टिकटिक. दूर कुठेतरी विहिरीवरची मोटर. टिटवी ओरडत डोक्यावरून गेली, तिची तर चाहूलही महामार्गावर लागली नसती.

दोन्ही बाजूला मे महिन्याचं माळरान. गवत इतकं वाळलेलं की पिवळंसुद्धा उरलं नाही, राखाडी झालंय. हिवर, बाभूळ, बोरी, मधूनच तरवडाची पिवळी फुलं. उजव्या हाताला काळ्या दगडांची भिंत रचल्यासारखा डाइक लांबपर्यंत गेलाय. शाळेत भूगोल शिकवताना मी दरवर्षी फळ्यावर तो काढते: साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांना तडे गेले, त्यांत खालून नवा लाव्हा शिरला, थिजला, आणि भोवतालचा मऊ खडक झिजल्यावर ही भिंत उघडी पडली. धुळे-नंदुरबारात असे डाइक अगणित आहेत, बहुतेक तापीला समांतर. आज तो सायकलवरून, बारा-तेराच्या वेगाने, सबंध पाहिला. गाडीच्या खिडकीतून त्याचा एवढा मोठा तुकडा कधी दिसलाच नव्हता.

नाल्याजवळ उतरले, सायकल खांद्यावर घेतली, वाळू ओलांडली. पलीकडच्या पहिल्याच झोपडीतल्या आजी म्हणाल्या, "बठ माय, पानी पी ले." माठातलं पाणी, पितळी तांब्या. आठच्या आत घरी.

१३ मे

काल मागचं चाक बसलेलं सापडलं. टायरमध्ये सराटा. पाण्याच्या बादलीत ट्यूब फिरवून बुडबुडा शोधला, घासलं, सोल्यूशन लावलं, पॅच दाबून धरला, आणि तोवर चिमट्याने काढलेला तो काटा पाहत बसले. सराट्याचं फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला दोन मोठे काटे, बकऱ्याच्या शिंगांसारखे. कसाही पडला तरी एक काटा आकाशाकडे असतोच.

हाच काटा मी मागच्या मे महिन्यात अ‍ॅरिझोनात काढला होता. भाऊ टूसॉनला असतो, सुट्टीत महिनाभर त्याच्याकडे होते. वहिनीची सायकल घेऊन पहिल्याच दिवशी निघाले आणि तासाभरात पंक्चर. थांबून चाक फिरवलं तर सराटा! तिथे त्याला 'गोटहेड' म्हणतात, म्हणजे बोकडाचं डोकं. आपल्याकडच्या जुन्या जगातून तिकडे गेलेलं तण आहे ते, तिथल्या सायकलवाल्यांचा कायमचा वैरी. परक्या मुलुखात रस्त्याकडेला बसून ओळखीचा काटा उपटताना मला इतकं घरच्यासारखं वाटलं की भावाला फोन करून आधी तेच सांगितलं.

तिथल्या त्या रस्त्याबद्दल मी घरी परत येऊन सगळ्यांना सांगितलं, पण नीट लिहून कधी ठेवलं नाही. आज लिहिते.

त्याला 'द लूप' म्हणतात. दोनशे किलोमीटरहून जास्त लांबीचा, बराचसा डांबरी, मोटारींना पूर्ण बंद. तो मुख्यतः नद्यांच्या काठाने जातो: रिलिटो, सांता क्रूझ, पँटानो. नद्या म्हणजे वर्षातला बराच काळ नुसती वाळू. आपली पांझरा मे महिन्यात दिसते तशीच. टूसॉनला वर्षाकाठी जेमतेम तीनशे मिलिमीटर पाऊस, धुळ्याच्या जवळपास निम्मा. त्यातलाही मोठा वाटा जुलै-ऑगस्टमध्ये पडतो आणि त्याला तिकडेही मान्सूनच म्हणतात.

हा रस्ता कसा झाला ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये त्या कोरड्या नद्यांना प्रचंड पूर आला. काठ कापले गेले, घरं आणि पूल गेले. मग तिथल्या लोकांनी माती आणि सिमेंट एकत्र करून काठ बांधून काढले. बांधलेल्या काठावर देखभालीसाठी एक पट्टी लागतेच. तीच पट्टी हळूहळू सायकलींना, पायी चालणाऱ्यांना खुली झाली, एकेक तुकडा दुसऱ्याला जोडत गेला. कुणाचा गाडीरस्ता काढून घेतला नाही. पांझरेलाही २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला होता, तेव्हा पुलावर उभं राहून पाहिलेलं गढूळ पाणी मला तिथे रिलिटोच्या काठावर आठवत होतं.

आणि पूल! मोठा रस्ता आडवा आला की सायकलीची वाट उतार घेऊन पुलाखाली जाते आणि पलीकडे वर येते. वर चार पदरी रस्त्यावर गाड्या धावताहेत, खाली गार सावलीत तुम्ही. मैलोन्‌मैल सिग्नल नाही, पाय टेकवायचा नाही. एका पुलाच्या फटींत वटवाघळांची वस्ती आहे, संध्याकाळी ती बाहेर पडताना बघायला लोक खाली जमतात.

मे महिना म्हणजे सग्वारो फुलण्याचा. दोन-तीन मजली उंच निवडुंग, फांदी फुटायलाच साधारण पन्नास वर्षांच्या वर लागतात, आणि त्यांच्या डोक्यावर पांढऱ्या फुलांचे झुबके. फूल रात्री उमलतं, दुसऱ्या दुपारपर्यंत मिटतं, म्हणून मी साडेपाचलाच निघायची. एकदा तुरेवाली लाव्ही वाटेवर आली, तिच्यामागे सुपारीएवढी नऊ-दहा पिल्लं. सगळे सायकलवाले थांबले. पिल्लं ओलांडून जाईपर्यंत कुणी काही बोललं नाही. मागून येणारा घंटी वाजवतो किंवा "ऑन युअर लेफ्ट" म्हणतो, आणि हळूच पुढे जातो. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या बायका तिथे रोज येत होत्या. नव्याने सायकल शिकणारी पोरं येत होती. तोंडाला स्कार्फ बांधून, छाती धडधडत कुणी आलेलं नव्हतं.

आपल्याकडे सायकल चालवणाऱ्या बाईला आधी विचारतात, भीती नाही का वाटत? वाटते. मला उन्हाची वाटत नाही, अंधाराची फारशी वाटत नाही. ट्रकची वाटते.

२९ मे

मोरीचं काम सुरू झालंय. सिमेंटचे तीन मोठे पाइप नाल्यात पडलेत, जेसीबी उभा आहे. पाहून मन खट्टू झालं आणि लगेच स्वतःचाच राग आला.

माझ्या नववीच्या वर्गातली एक मुलगी त्याच गावची. वर्षभर तिच्या नावापुढे 'उशीर' लिहीत आले मी. एसटी बंद, म्हणून फाट्यापर्यंत पाच किलोमीटर चालत यायची, तिथून मिळेल ती रिक्षा. जानेवारीत मी तिला रागावलेदेखील होते, तेव्हा तिने कारण सांगितलं नाही, मान खाली घातली. ज्या डांबरावर माझे कान मोकळे झाले, त्याच डांबरावर ती पाठीवर दप्तर घेऊन चालत होती. मोरी लवकर व्हायला हवी. शाळा उघडायच्या आत.

८ जून

झाली. मातीचे ढीग उचलले, बाभळी बाजूला. मी वळणावर असतानाच मागून हॉर्न आला आणि लाल एसटी गेली, खिडकीत हातच हात. आजी दारात उभ्या होत्या. "आते यष्टी येस," म्हणाल्या, आणि माझा तांब्या आधीच भरलेला होता. परतताना दोन टेम्पो, एक ट्रॅक्टर, मोटारसायकली. अर्धं लक्ष पुन्हा पाठीत गेलं.

घरी न जाता पाटाकडे वळले. पाटाच्या कडेला तपासणीची वाट आहे, कित्येक वर्षांपासून आहे, मुरमाची. रात्री वळवाचा शिडकावा झाला होता, माती दबली होती, चाक रुतत नव्हतं. एका बाजूला कोरडा पाट, दुसऱ्या बाजूला नांगरून ठेवलेली रानं. तित्तूर ओरडत होते. ओळीने कडुनिंब, खाली लिंबोळ्यांचा सडा. गाडी एकही नाही. कधी नव्हतीच. या वाटेला डांबराचा एक थर दिला तर कुणाची एसटी बंद पडणार नाही.

शेवटपर्यंत गेले आणि मीटर पाहून आकडे वहीत लिहिले. अकरा किलोमीटर चारशे मीटर. सराटे चार, पंक्चर एक. तीन ठिकाणी गाडीरस्ता आडवा येतो. तिन्ही ठिकाणी पाय टेकवला, दोन्हीकडे पाहिलं आणि सायकल हातात धरून ओलांडलं.