न वाजलेली तबकडी

जुन्या रेकॉर्डच्या दुकानात खरेदीचं काम करणाऱ्याला महिन्यातून चार-पाच घरं तरी बघावी लागतात. कुणी गेलेलं असतं, कुणी घर बदलत असतं, कुणाला नुसती खोली मोकळी करायची असते. पश्चिम लंडनमधल्या आमच्या दुकानासाठी मी अकरा वर्षं हेच करतेय. खोकी उघडायची, प्रत्येक तबकडी खिडकीच्या उजेडात तिरकी धरून चरे बघायचे, आकडा सांगायचा, जमलं तर माल खाली उतरवायचा. फेब्रुवारीतल्या त्या बुधवारी केन्सल राइजच्या एका तिसऱ्या मजल्यावर चढले तेव्हाही डोक्यात एवढंच होतं. फोनवर सांगितलं होतं, ‘नाचाच्या रेकॉर्डी, बारा इंची, अठरा खोकी.’ अशा मालाला एरवी भाव नसतो. निघताना मालक म्हणालेही होते, आठशे पौंडांच्या वर जाऊ नकोस.

दार उघडणारे गृहस्थ सत्तरीचे, मूळचे कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावरचे. मुलीकडे बर्मिंगहॅमला राहायला निघाले होते. घर जवळपास आवरून झालेलं, आणि भिंतीला लागून अठरा खोकी एका रांगेत. पहिल्या खोक्यातल्या पाच-सहा तबकड्या मी उजेडात धरल्या. एकीवरही चरा नाही. बोटाचा ठसासुद्धा नाही. मी सहज इकडेतिकडे बघितलं. घरात टर्नटेबलच नव्हतं.

“नव्हतंच कधी,” ते म्हणाले. “मी व्हॅन चालवायचो. या वाजवणारे दुसरे.”

वीस वर्षं त्यांनी वितरकांकडून खोकी उचलून दुकानांत पोचवली होती. सोहोतली बेरविक स्ट्रीट, कॅम्डेन, क्रॉयडन, ब्रिक्स्टन. नवी रेकॉर्ड आली की एक प्रत त्यांची, असा अलिखित रिवाज. ती घरी आणायची आणि खोक्यात ठेवायची. ऐकणं व्हायचं ते दुकानांच्या काउंटरवर आणि व्हॅनमधल्या रेडिओवर, चोरट्या एफएम केंद्रांवर.

दुसरं खोकं उघडलं आणि माझा हात थांबला. पीपल. मेन स्क्वीझ. 2000 ब्लॅक. लॉज ऑफ मोशन. बिटास्वीट. ही नावं कुठल्याही जाहिरातीत दिसली नव्हती, पण ब्रोकन बीट ज्याला म्हणतात, आणि त्याची माणसं नुसतं ‘ब्रुक’ म्हणतात, ते तुटक तालाचं नाचाचं संगीत याच छोट्या लेबलांनी, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्यांनी, 1990च्या दशकाच्या अखेरीपासून बाहेर आणलं. बहुतेक सगळं पश्चिम लंडनच्या थोडक्या वस्त्यांतून. बऱ्याच तबकड्यांना चित्राचं कव्हरही नाही. मधोमध भोक पाडलेली साधी कागदी पिशवी, त्यातून दिसणारी तबकडीवरची गोल कागदी चिठ्ठी आणि तिच्या कडेने बारीक अक्षरात ‘वितरण: गोया’. लॅडब्रोक ग्रोव्हच्या परिसरातली गोया म्हणजे या सगळ्या लेबलांचा एकच दरवाजा. पुढे गोया बंद पडली आणि हा माल वाट फुटेल तिकडे गेला. गेली काही वर्षं तरुण मुलं तो शोधत येतात. एखाद्या आठवड्यात एखादी प्रत सापडली तर आम्ही ती काउंटरच्या मागे ठेवतो. इथे खोकीच्या खोकी होती.

सवयीने मी जमिनीवर ढीग लावायला घेतले. हे 2000 ब्लॅकचं, हे मेन स्क्वीझचं, हे बाजूला. कारण खोक्यातला क्रम मला निव्वळ गोंधळ वाटत होता. 2000 ब्लॅकच्या शेजारी 1990च्या दशकातली रीइन्फोर्स्ड या लेबलाची, ड्रम अँड बास या वेगवान नाच-संगीताची तबकडी, तिला लागून इटलीतल्या व्हेरोनाच्या नेरोली लेबलाची एक, मग पुन्हा लंडन.

ते थोडा वेळ बघत राहिले. मग अगदी शांतपणे म्हणाले, “तसं करू नका. तुम्ही माझे रस्ते मोडताय.”

खोकी त्यांच्या फेऱ्यांप्रमाणे लावलेली होती. लेबलाप्रमाणे नाही, कलाकाराप्रमाणे तर नाहीच. कुणाच्या घरून, कुणाच्या तळघरातून, कुठल्या स्टुडिओच्या दारातून काय उचललं, त्या हिशेबाने. मी ढीग परत उचलले आणि त्यांना म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. दुकानात किती वेळ लागेल ते कळवायचंसुद्धा राहून गेलं.

रीइन्फोर्स्ड आणि 2000 ब्लॅक शेजारी का, याचं उत्तर मला अर्धंच माहीत होतं. डेगो आणि मार्क मॅक, म्हणजे 4हीरो ही निर्मात्यांची जोडी. डॉलिस हिलमधून या मंडळींनी रीइन्फोर्स्ड चालवलं, ‘जंगल’ नावाचं वेगवान नाच-संगीत आणि ड्रम अँड बास घडवलं, आणि 1998मध्ये ‘टू पेजेस’ हा त्यांचा अल्बम मर्क्युरी या ब्रिटनमधल्या अल्बमच्या पुरस्काराच्या यादीत गेला. त्याच अल्बममध्ये व्हायोलिनं, ऱ्होड्स हा विजेवरचा पियानो, जॅझ आलं होतं. 2000 ब्लॅक हे डेगोचं पुढचं घर, नाव अमेरिकन जॅझ-फंक संगीतकार रॉय एअर्सच्या एका जुन्या रचनेवरून घेतलेलं. पुस्तकात वाचलं तर ही दोन वेगळी संगीतं, दोन वेगळी प्रकरणं. व्हॅनवाल्याला मात्र ती एकाच रस्त्यावरची लागोपाठची दारं. आणि कानाला विचारलं तर व्हॅनवाला बरोबर आहे. ड्रम अँड बासमधली ती तुटक, उड्या मारणारी तालाची मोडणी तशीच घ्या, वेग मिनिटाला 170 ठोक्यांवरून 125-130वर आणा, वर सत्तरच्या दशकातल्या जॅझ-फंकचे स्वर ठेवा, खाली सिंथेसायझरचा जाड बास. ब्रुक जवळजवळ तयार.

‘जवळजवळ’ म्हटलं ते मुद्दाम. मी मिरजेत वाढले, शाळेत असताना आठ वर्षं तबला शिकले. पहिल्यांदा हे संगीत ऐकलं तेव्हा मी मात्रा मोजायला बसले आणि पार चुकले. हाउस नावाच्या नाच-संगीतात किक ड्रम, म्हणजे खालचा जड ठोका, प्रत्येक मात्रेला पडतो, धप् धप् धप् धप्, त्यात हरवायची सोय नाही. इथे पहिली किक जागेवर येते, दुसरी अलीकडे सरकते, तिसरी येतच नाही, आणि स्नेअर, म्हणजे वरचा कडक ठोका, अशा ठिकाणी पडतो की हातातली टाळी हवेत राहते. मला वाटलं, तालाचं आवर्तनच वेगळं असेल. नव्हतं. साध्या चारच मात्रा. मोडलेलं असतं ते आवर्तनाच्या आत, आवर्तन अखंड असतं. किक सोडून हाय-हॅट, म्हणजे झांजांची बारीक टिकटिक, धरायचा आणि अंग त्यावर झुलवायचं, हे मला दुकानातल्या एका सहकाऱ्याने शिकवलं. तेव्हा कुठे पाय लागला. हे नाचायचं संगीत आहे, खुर्चीत बसून मोजणाऱ्याला ते हाती लागत नाही, हे मी तेव्हापासून मानते.

चौथ्या खोक्यात माझी चूक बाहेर आली. ‘उमोड’ नावाच्या शेजारी ‘डोमू’, त्याच्या शेजारी ‘सोनार सर्कल’, त्याला चिकटून ‘रीमा’.

“हे सगळे एकाच रस्त्यावर राहायचे?” मी विचारलं.

“एकच मुलगा,” ते म्हणाले.

रोमन अक्षरांत डोमू उलटं वाचलं की उमोड होतं. इतकी वर्षं मी दुकानाच्या यादीत ही दोन नावं दोन माणसं म्हणून लिहिली होती. सोनार सर्कलही तोच, आणि रीमा म्हणजे डोमू आणि नेरोली चालवणारा व्होल्कोव्ह, म्हणून ती इटलीतली तबकडी या खोक्यांत. या मुलाने 2009मध्ये संगीत करणं थांबवल्याचं जाहीर केलं. नावं चार, माणूस एक, आणि आमच्या यादीत तो कुठेच पूर्ण नव्हता. हे एकट्याचं नाही. कायडी टेथमचा ‘फीड द कॅट’ हा 2002चा अल्बम ‘एजंट के’ या नावाने आहे. निऑन फ्यूजनमध्येही तोच, आणि बग्ज इन द अ‍ॅटिक या नऊ जणांच्या चमूतही तोच. आयजी कल्चर ‘न्यू सेक्टर मूव्हमेंट्स’ म्हणून निराळा. प्रत्येक नावाला वेगळं लेबल, प्रत्येक लेबलाला दोन-चार तबकड्या. बाहेरच्याला वाटावं केवढी गर्दी, आणि आत एकमेकांच्या स्वयंपाकघरात चहा पिणारी वीस-पंचवीस माणसं.

मग मी प्रत्येक तबकडीच्या चिठ्ठीवरची बारीक अक्षरं वाचत गेले. वाजवणाऱ्यांची आणि गाणाऱ्यांची नावं तिथेच असतात. बेंबे सेगे, लिरिक एल. या गायिकांचे आवाज मी कितीदा दुकानात लावले असतील, पण विक्रीच्या चिठ्ठीवर निर्मात्याचंच नाव लिहिलं. त्या दिवसापासून आमच्या चिठ्ठ्यांवर गाणाऱ्याचं नाव आधी येतं. मालकांना ते लांबलचक वाटतं. मी ऐकत नाही.

सतराव्या खोक्यात, अगदी मागे, एक दहा इंची पिशवी होती. हात लावताच कळलं, ही नेहमीची नाही. जड. कडेला लॅकरचा, म्हणजे वार्निशासारखा, थर थोडा उडालेला आणि खालून अ‍ॅल्युमिनियम चमकत होतं. नाकाजवळ नेली तर नेलपॉलिशसारखा वास. डबप्लेट. नवी धून कारखान्यात छापायला जाण्याआधी एकच प्रत अशा लॅकरच्या तबकडीवर कोरून घेतात, क्लबमध्ये वाजवून बघण्यासाठी. लॅकर मऊ असतं. दर वेळी सुई फिरली की वरचे, बारीक स्वर थोडे खरवडून जातात. पन्नासेक वेळा वाजवली की तबकडी संपली.

मधल्या चिठ्ठीवर पेनाने फक्त ‘रविवार’ लिहिलं होतं.

“ही माझी नाही,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसले.

रविवार म्हणजे को-ऑपची, ब्रुकवाल्यांच्या क्लबमधल्या ठरलेल्या नाचाची रात्र. आधी चेअरिंग क्रॉस रोडवरच्या व्हेल्व्हेट रूम्समध्ये, नंतर शोरडिचच्या प्लास्टिक पीपल या छोट्या, जवळजवळ काळोख्या तळघरात. आठवड्यात केलेली धून रविवारी तिथे वाजायची, लोकांचे पाय बघायचे, आणि सोमवारी घरी जाऊन बास बदलायचा. एका शुक्रवारी एका तरुण निर्मात्याने ही तबकडी त्यांच्या हातात दिली, रविवारी संध्याकाळी क्लबला पोचव म्हणून. रविवारी नॉर्थ सर्क्युलर रोडवर व्हॅनचा क्लच गेला. ते पोचले तेव्हा क्लबचं शटर खाली होतं. सोमवारी त्यांनी फोन केला, माफी मागितली. मुलगा हसला आणि म्हणाला, राहू दे तुझ्याकडे, मी तोवर ती बदललीसुद्धा आहे.

“वीस वर्षांत एवढी एकच पोचवायची राहिली,” ते म्हणाले.

मी फोन घेऊन जिन्यात गेले. मालकांना सांगितलं, साधारण चौदाशे तबकड्या, एकही वाजलेली नाही, आठशेत घेणं म्हणजे लूट होईल. अर्धा तास वाद झाला. शेवटी 4,200 पौंडांवर ते तयार झाले, आणि माझी दुसरी अट त्यांनी कुरकुरत मानली: विकायला काढण्याआधी सगळी खोकी आहे त्या क्रमाने नोंदवायची, प्रत्येक फेरी, प्रत्येक दार. त्याला मला पुढे सात आठवडे लागले. डबप्लेट मी आकड्यात धरली नाही. असल्या न वाजलेल्या तबकडीला कुणी काय देईल याचा मला चांगला अंदाज होता. पण ती त्या निर्मात्याची होती. यावर मालकही काही बोलले नाहीत.

निर्मात्याचा नंबर व्हॅनवाल्या गृहस्थांकडे अजून होता. त्यांनीच फोन लावला. पाच मिनिटं दोघे मोठमोठ्याने बोलत होते, मधेच हसत होते. निर्मात्याचं नाव मी इथे देत नाही, त्यानेच तसं सांगितलं. तो म्हणाला, एकदा वाजवा, रेकॉर्ड करून घ्या, आणि तबकडी मला आणून द्या. कोण आणणार, असं मी विचारायच्या आतच ते म्हणाले, “मीच.”

दुसऱ्या दिवशी दुकान बंद झाल्यावर ते आले. मी नवी सुई बसवली, तिचा भार कमीत कमी ठेवला, टर्नटेबलची पातळी दोनदा तपासली. तबकडीवरची धूळ मऊ ब्रशने काढली, पाणी लावलं नाही. रेकॉर्डिंग सुरू झाल्याची खात्री केली आणि मग सुई टेकवली. आधी लॅकरची कोरी खसखस. मग हाय-हॅट एकटाच. मग बास, आणि किक जिथे यायला हवी होती त्याच्या किंचित आधी. मी पाय रोखून उभी होते. ते काउंटरला दोन्ही हात टेकून, मान खाली घालून ऐकत होते. साडेपाच मिनिटं कुणी हललं नाही.

सुई उचलली तेव्हा ते म्हणाले, “मला वाटलं होतं, ही संथ असेल.”

मी तबकडी नव्या पिशवीत घातली, बाहेरून पुठ्ठ्याचे दोन तुकडे लावले, चिकटपट्टी मारली. बाहेर पाऊस लागला होता. त्यांनी ती कोटाच्या आत, छातीशी धरली, वरची दोन बटणं लावली आणि 52 नंबरच्या बसकडे निघाले.