शुगर नाही, तरी शुगरची गोळी

मेडिकलवाल्याने मेटफॉर्मिनची स्ट्रिप देताना विचारलं, "ताई, घरात शुगर कोणाला?" म्हटलं कोणाला नाही, आणि पुढे काय सांगायचं कळेना म्हणून पैसे देऊन निघाले.

तर मला पीसीओएस आहे, म्हणजे ओव्हरीजचा हार्मोन बिघडल्याचा त्रास, पाळी दोन-दोन महिने गायब, आणि डॉक्टर म्हणाल्या की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही म्हणून ते जास्तच तयार होतं, त्यामुळे ओव्हरीज पुरुषी हार्मोन जास्त बनवतात आणि मग अंडं वेळेवर फुटतच नाही. गोळी त्यासाठी. एकटी पुरेलच असं नाही, सोबत ५ दिवस लेट्रोझोल, म्हणजे अंडं फुटायला मदत करणारी गोळी, आणि सोनोग्राफीच्या चकरा आहेतच.

पहिला आठवडा ५०० ची एकच गोळी, तरी पोटाची पार वाट लागली. मी शहाणी सकाळी चहाबरोबर रिकाम्या पोटी घेत होते ना! आता अर्धा वरणभात झाला की गोळी, मग उरलेला भात, बरंच बरं आहे. सासूबाईंनी पाकीट बघितलं आणि काही न विचारता माझ्या चहातली साखरच बंद केली, कितीही सांगा.

काल ३८ व्या दिवशी पाळी आली, आपणहून. आजपासून लेट्रोझोल.