“मिस्टरांचं डिस्चार्ज बुक आणा”

डॉक्टरांनी व्हिडिओवर मला ११ मिनिटांत तपासलं. त्यांच्यापर्यंत पोचायला मात्र सात आठवडे गेले, तेही एका मोबाइल नंबरपायी.

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले. २८ वर्षं पेशंट उचलले, कुशीवर वळवले. कंबर त्यातच गेली. आता माण तालुक्यात माहेरच्या गावी असते. इथून एस.टी.नं दवाखाना गाठायचा म्हणजे बरं व्हायला जायचं आणि जास्त दुखवून घेऊन यायचं. म्हणून सैन्यदलांची ‘सेहत’ ही व्हिडिओवरची ओपीडी वापरायचं ठरवलं. २०२१ पासून आहे, माजी सैनिकांनाही चालते.

पण माझ्या नोंदीत जुना नंबर. ओटीपी तिकडेच जायचा. लावून पाहिला, तर नाशिकचा एक रिक्षावाला. “मावशी, मेसेज येतात हो, वाचतो कोण!” आणि नंबर बदलायला कार्यालयात प्रत्यक्षच यायला हवं म्हणे. म्हणजे प्रवास टाळायला फोन, आणि फोनसाठी प्रवास.

कंबरपट्टा बांधून गेले. कुठलं कार्यालय ते लिहीत नाही. खिडकीतल्या मुलानं मान वर न करता विचारलं, “साहेबांचा सर्व्हिस नंबर?”

“साहेब नाहीत. मीच आहे.”

“हो, पण मिस्टर कुठल्या युनिटला होते?”

मिस्टर हायस्कूलवर गणित शिकवायचे.

“बरं, मग त्यांचं डिस्चार्ज बुक आणा.”

डिस्चार्ज बुक म्हणजे सैन्यातून सुटताना मिळणारं नोंदींचं पुस्तक. ते जवानांचं असतं, अधिकाऱ्यांचं नाही. माझा पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, त्याच्या हाताखालीच पडला होता, माझ्या नावाचा. आणि फॉर्मवर ‘नाते’ या रकान्यात त्यानं निळ्या पेनानं ‘पत्नी’ लिहूनही टाकलं होतं.

दुसऱ्या खेपेला कळलं, माझा अर्ज आलाच नाही. (पोचपावती शिक्क्यासकट घ्या. मी घेतली नव्हती.) तिसऱ्या खेपेला सही करणारे रजेवर. बाकावर बसवेना, म्हणून भिंतीला पाठ लावून उभी होते. झाडू मारणाऱ्या मावशी जवळ येऊन पुटपुटल्या, “आवाज चढवा मॅडम, त्याशिवाय इथं काय हलत नाही.” चौथ्या खेपेला चढवला. वॉर्डातला आवाज अजून शाबूत आहे. दहा मिनिटांत नंबर बदलला!

पुढचं सोपं. आमच्याकडे रेंज गच्चीवरच येते. भाचीनं फोन धरला, कारण डॉक्टरांना वाकणं-चालणं बघायचं असतं. नुसता चेहरा दाखवून कंबर कळत नाही. “दहापैकी किती दुखतं?” हा प्रश्न मी हजारोंना विचारला असेल. स्वतःवर आल्यावर “पाच” म्हणून मोकळी झाले. होतं सात. भाचीनं डोळे वटारले तेव्हा खरं सांगितलं.

ट्रॅमाडॉल या जोरदार वेदनाशामकाची आशा धरू नका. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, आणि टेलिमेडिसिनच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तसली औषधं फोनवरून लिहून देता येत नाहीत. मला रात्री अमिट्रिप्टिलिन मिळालं, १० मिलिग्रॅम. मूळचं डिप्रेशनचं औषध. वहिनी नाव वाचून घाबरली. कमी मात्रेत ते जुनाट दुखण्यावर देतात. तोंड कोरडं पडतं, पण झोप लागते. शिवाय बरं वाटलं म्हणून एका दिवसात सगळं घर आवरायचं नाही, २० मिनिटं काम की आडवं व्हायचं. ते मला अजून जमत नाही.

चालू गोळ्यांची पाकिटं जवळ ठेवा. आणि चार्जर. ११ मिनिटं म्हटलं ती दुसऱ्या कॉलची. पहिला बॅटरी संपून तुटला होता.