खालचं कोमट पाणी

२४ जुलै, न्यू-ओलेसुंद (आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरचं संशोधन गाव)

आज क्रोनेब्रेन हिमनदीच्या समोर सीटीडी, म्हणजे खोलीनुसार तापमान आणि क्षारता मोजणारं यंत्र, पाण्यात सोडलं. कडा कोसळण्याची भीती असते, त्यामुळे बोट बरीच लांब उभी केली होती. हिमनदीने दळून आणलेल्या गाळामुळे वरचं पाणी तांबूस, गढूळ. आजूबाजूला तरंगणारे बर्फाचे तुकडे सारखे तडतडत होते. बर्फात कोंडलेले हवेचे जुने बुडबुडे फुटतात, त्याचा तो आवाज. तो ऐकत कितीही वेळ बसावंसं वाटतं.

पण माझं लक्ष पडद्यावर होतं. यंत्र खाली जाऊ लागलं तसं तापमान कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागलं, आणि त्याबरोबर क्षारताही. शाळेत शिकलोय की गरम पाणी वर राहतं. इथल्या थंडीत मात्र पाण्याची घनता तापमानापेक्षा मिठावर जास्त ठरते. बर्फ वितळून आलेलं गोडसर पाणी वर, आणि अटलांटिकहून आलेलं खारट, कोमट पाणी त्याच्याखाली. हे खालचं पाणीच हिमनदीच्या पायथ्याशी पोचून तिला खालून पोखरतं. काठावर उभं राहून यातलं काहीही दिसत नाही. उन्हात चमकणारा निळा कडा तेवढा दिसतो.

काँग्सफियॉर्ड, म्हणजे आम्ही मोजमाप करतो ती डोंगरांमधली समुद्राची अरुंद खाडी, पूर्वी हिवाळ्यात गोठायची. २००६ च्या हिवाळ्यात वाऱ्यांनी अटलांटिकचं पाणी थेट आत ढकललं, आणि त्यानंतर आधीसारखा भक्कम बर्फ क्वचितच धरला. पाणी कोमट होत असल्याची खूण त्याआधीच मिळाली होती: स्वालबार्डच्या किनाऱ्यावर २००४ मध्ये निळे शिंपले सापडले. हजारेक वर्षांपूर्वी ते इथून नाहीसे झाले होते.

संध्याकाळी (म्हणायचं संध्याकाळ, सूर्य मावळतच नाही) जाळ्यातले कोपेपॉड, म्हणजे पाण्यात तरंगणारे इवलेसे जीव, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पारदर्शक अंग, लालसर मिशा आणि पोटात तेलाची लांबट, चकचकीत पिशवी. आर्क्टिकची मूळ जात आकाराने मोठी, चरबीने भरलेली. अटलांटिकहून येणारी तिची बहीण लहान आणि रोडकी. दोघी शेजारी ठेवल्या तरी ओळखताना डोळे दुखतात, पण हे जीव खाणाऱ्या लिटल ऑक या छोट्या समुद्रपक्ष्याला हा फरक पिल्लांच्या पोटापाण्याइतका महत्त्वाचा आहे. चरबीदार घास जवळपास मिळाला नाही, तर त्याला लांब उडत जावं लागतं. अंशभर तापमानवाढ म्हणजे काय, हे मला कुठल्याही आलेखापेक्षा त्या तेलाच्या पिशवीने जास्त नीट समजावलं.

आम्ही उन्हाळ्यात येतो, मोजतो आणि परत जातो. मोठ्या घडामोडी मात्र अंधारातल्या महिन्यांत होतात. म्हणून मला 'इंडआर्क' या भारताच्या पाण्याखालच्या वेधशाळेबद्दल मनापासून आपुलकी आहे. जुलै २०१४ मध्ये आपल्या लोकांनी ती याच फियॉर्डमध्ये १९२ मीटर खोल पाण्यात नांगरली. तळाशी वजन, वर तरंगते गोळे, मधल्या दोरावर तापमान, क्षारता, प्रवाह, प्राणवायू मोजणारी यंत्रं. वर काढायची वेळ झाली की बोटीवरून ध्वनिसंकेत देतात, तळाचा आकडा सुटतो, आणि वजन खाली टाकून बाकी सगळं वर येतं. गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन संस्थेत आणि चेन्नईच्या समुद्र तंत्रज्ञान संस्थेत बसून ज्यांनी हे उभं केलं, त्यांच्या चिकाटीला तोड नाही.

नवी मोहीम निघाली की बातमी होते. जुनी यंत्रं वेळेवर बदलली, बॅटऱ्या घातल्या, नोंदींत खंड पडू दिला नाही, याची बातमी होत नाही. माझ्या मते पैसा आधी तिथे जावा. एखादा हिवाळा हुकला तर तो पुन्हा मोजता येत नाही. २००६ सारखं पाणी परत आत आलं आणि त्या वेळी खाली यंत्रच नसेल, तर बर्फ का धरला नाही याचे नुसते तर्क करत बसावं लागेल. 'हिमाद्री' या न्यू-ओलेसुंदमधल्या भारताच्या संशोधन केंद्रात डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातही माणसं राहू लागली, याचा मला म्हणूनच फार आनंद झाला.