गृहकर्जाआधी सिबिलची मशागत
सिबिल म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवून गुण देणारी संस्था. कधीच कर्ज न घेतलेल्यांच्या सिबिल अहवालात गुणांऐवजी ‘एनएच’ किंवा -1 दिसतं: इतिहासच नाही. म्हणून घर घेण्याच्या निदान वर्षभर आधी मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घ्या. मर्यादा 20,000 असेल तर बिल बनेल त्या दिवशी बाकी 6,000च्या आत हवी. सिबिलसारख्या नोंद ठेवणाऱ्या संस्थांकडे, म्हणजे ब्युरोंकडे, बहुधा तोच आकडा जातो. मग बिल पूर्ण भरा. नुसती किमान रक्कम भरली की उरलेल्यावर जबर व्याज चढतं.

फार घातक शेरा म्हणजे ‘सेटल्ड’: पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेलं कर्ज. जुनी थकबाकी असेल तर पूर्ण फेडून ‘क्लोज्ड’ करून घ्या, ना-हरकत पत्र जपा.

सिबिल धरून चारही ब्युरो वर्षातून एकदा अहवाल फुकट देतात. चूक दिसली तर लगेच तक्रार नोंदवा. 30 दिवसांत निकाली न निघाल्यास दिवसाला 100 रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.